पुलावरची आफ्के आणि मंगळवारचे सिनेमे

आफ्केला सिनेमातलं काही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. तिच्यासमोर दिग्दर्शन-बिग्दर्शन काढलंत तर ती अशी बघेल की तुम्हीच गप्प व्हाल. पण सिनेमा कसा होता हे विचारायला आमचं अख्खं गाव तिच्याचकडे येतं. पेपरात पानभर कौतुक छापून येऊ दे, बेकरीच्या रांगेत बायका एकमेकींना काय विचारतात? "आफ्के काय म्हणाली?" मंगळवारी तिने नाक मुरडलं की गुरुवारी त्याच सिनेमाच्या दुसऱ्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि माझी किटलीभर कॉफी मोरीत.

आमचं सिनेमाघर म्हणजे कालव्याकाठची जुनी डेअरी. दुधाचं काम बंद पडलं तेव्हा गावाने भिंतींना पांढरा रंग दिला, पडदा टांगला आणि शाळेतल्या बावन्न खुर्च्या आणून मांडल्या. हवा दमट असली की अजून आंबूस ताकाचा वास येतो. पगार कुणालाच नाही, राबतो आम्ही म्हातारेच. मी रिन्से. जन्मभर वाळूची बोट हाकली, आता इथे कॉफी करतो. सिनेमा मध्यावर थांबतो, सगळे बाहेर येतात, माणशी एक कॉफी, एक बिस्कीट, की मी डब्याचं झाकण लावतो. दुसरं बिस्कीट मागणारा हमखास बाहेरगावचा.

घरी जाताना दारात प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर एक ते पाच आकडे. सिनेमा जेवढा आवडला त्या आकड्यापाशी चिठ्ठी फाडायची आणि पेटीत टाकायची. त्या चिठ्ठ्या बघायचं कामही माझंच. नाव कुणी लिहीत नाही, पण मी हात ओळखतो. कुणी ओरबाडतं, कुणी चक्क दातांनी फाडतं. आफ्के आधी घडी घालते, नखाने दाबते, मग फाडते. बहुतेक वेळा दोनवर.

या हिवाळ्यातलंच सांगतो. एका सिनेमात एक माणूस दोन तास वाळवंटातून चालत होता. पेपरवाले म्हणाले, आत्म्याचा प्रवास. आफ्के कोट चढवत म्हणाली, "त्याच्या बाटलीतलं पाणी संपतच नव्हतं. तीनदा प्याला, तीनदा तेवढंच. आत्मा राहू दे, ती बाटली कुठे मिळते तेवढं सांगा." दोन.

मग एक फ्रेंच प्रेमकथा आली, खानावळीतली. "दीड तास कांदे कापत होती बया, एक साल खाली पडली नाही," आफ्के म्हणाली. "आणि त्याने मिठी मारली तेव्हा तिच्या हातात सुरी होती! माझा जीव त्या सुरीत. प्रेम कधी झालं ते कळलंच नाही." तिने चिठ्ठी दोन आणि तीनच्या मधोमध फाडली, खास मला त्रास द्यायला.

खुनाचा सिनेमा होता तेव्हा तर तिने मध्यंतरातच खुनी सांगून टाकला. "तो डॉक्टर. घरात शिरताना बूट पुसले नाहीत त्याने. लक्ष दुसरीकडेच होतं मेल्याचं." आणि निघाला की हो डॉक्टरच! चाळीस माणसांची उरलेली मजा गेली. मी म्हटलं, "आफ्के, तोंडाला जरा कुलूप घाल." तर उलट मलाच, "मग मध्यंतर ठेवता कशाला?"

हे सगळं पहिल्या अर्ध्याचं. दुसऱ्या अर्ध्याचं प्रकरण वेगळं आहे. कॉफी पोटात गेली, खोलीतली ऊब अंगावर आली, पडद्याचा निळसर उजेड चेहऱ्यावर हलायला लागला, की आफ्केचा डोळा लागतो. घोरत नाही, मान कलत नाही, हात मांडीवर, आणि बाई गेली. मग पडद्यावर जे चाललंय त्याचे आवाज तिच्या कानात शिरतात आणि आतून तिचं काय काय निघून त्यात मिसळतं. शेवटी दिवे लागले की ती डोळे उघडते आणि सगळं मिळून एकच सिनेमा धरून चालते. एक काळापांढरा सिनेमा आला होता, त्यात तासभर नुसता पाऊस. बाहेर येऊन म्हणाली, यंदाचा सगळ्यात चांगला. चिठ्ठी पाचवर! मी विचारलं, "काय आवडलं एवढं?" म्हणाली, "ती बाई चादरी वाळत घालते ना, आणि वाऱ्याने एक सुटते आणि बंधाऱ्यावरून समुद्राकडे जाते, हळूहळू, आणि कुणी धावतच नाही तिच्यामागे." असली बाई त्या सिनेमात नव्हती. चादर नव्हती, बंधारा नव्हता. पण तिने इतकं छान सांगितलं की गुरुवारी सहा जण ती चादर बघायला आले आणि नंतर माझ्याशी भांडले.

मला विचाराल तर मला तिचे ते झोपेतले सिनेमे जास्त आवडतात. कपबश्या विसळत मी ते ऐकतो आणि मंगळवारचा दिवस कसा जातो कळत नाही. एकतीस वर्षं ती कालव्याच्या पुलावर कामाला होती. काठावरच्या उंच खोलीत खिडकीपाशी बसायचं, बोटीचा भोंगा ऐकू आला की घंटा वाजवायची, रस्त्याचं फाटक पाडायचं, पूल वर करायचा, बोट गेली की खाली घ्यायचा. आता तो पूल शहरातून कॅमेऱ्यावर चालवतात. खोलीत कबुतरं राहतात.

आता मुद्द्यावर येतो. आफ्केला एक मुलगी, हिस्के. चव्वेचाळीस वर्षांची आहे, रोटरडॅमला असते आणि सिनेमे काढते. लहान लहान, मोठ्या शहरांत दोन-दोन आठवडे चालणारे. आफ्केने त्यातला एकही पाहिलेला नव्हता, कारण ते आमच्या डेअरीत येत नाहीत आणि आफ्के दुसरीकडे जात नाही. या फेब्रुवारीत हिस्केचा नवा सिनेमा आमच्याकडे आला. तो होता पुलावरच्या एका बाईचा, तिच्या आठ वर्षांच्या मुलीचा, आणि बोट घेऊन निघून गेलेल्या नवऱ्याचा.

गावात कुणाला फोड करून सांगायची गरज नव्हती. आफ्केचा नवरा दाउवे बोटी रंगवायचा. छत्तीस वर्षांपूर्वी जूनमधल्या एका बुधवारी स्वतःची बोट घेऊन तो गेला तो गेलाच. दक्षिणेत दुसरं घर केलं, तिथेच वारला. जाताना वाटेत बायकोचाच पूल होता. त्याने भोंगा वाजवला आणि तिने पूल उघडला. गावाने तिला हे कधी माफ केलं नाही. नवरा चाललाय आणि ही कोळशाच्या बोटीला उघडावा तसा पूल उघडते! बाई आहे की दगड? आणि गावाचं सोडा, हिस्केनेही माफ केलं नाही. आठ वर्षांच्या पोरीने विचारलं, "तू उघडलास पूल?" आफ्के म्हणाली, "हो." त्यावर दोघींचं बोलणं जे थांबलं ते नाताळच्या शुभेच्छांपुरतंच पुन्हा सुरू झालं.

मंगळवारी सकाळी हिस्के माझ्या कॉफीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बाहेर धुकं इतकं की कालवा दिसत नव्हता. पोरीने रात्रभर झोप घेतलेली नसावी.

"रिन्सेकाका, एक काम करा. तिला जागं ठेवा."

"अगं, मी कोण जागं ठेवणार? तिला भूकंपही जागं ठेवत नाही."

"चेष्टा नको. मला एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय. चांगला म्हणू दे, फालतू म्हणू दे, खोटा म्हणून माझ्या तोंडावर फेकू दे. पण बघून म्हणू दे. झोपली तर..." तिने माझा बिस्किटांचा डबा उगाच उघडला आणि बंद केला. "झोपली तर मी पुन्हा येणार नाही इथे."

ती हे धमकी म्हणून बोलली नव्हती. म्हटलं, बसतो मी तिच्या शेजारी.

दुपारी बावन्न खुर्च्या भरल्या, मागे बाकं टाकावी लागली. आफ्के नेहमीसारखी तिसऱ्या रांगेत, कडेला. सिनेमा सुरू झाला आणि आमचाच कालवा पडद्यावर आला, आमचंच धुकं, आणि बाहेर होतं तेच आत आल्यासारखं वाटून लोक जरा हलले. आफ्के दोनदाच बोलली. एकदा म्हणाली, "कठडा हिरवा नव्हता." आणि एकदा, "हातमोजे बघ, किती स्वच्छ."

मध्यंतरात मी अशी कडक कॉफी केली की मलाच ठसका लागला. आफ्केने घोट घेतला आणि म्हणाली, "हे डांबर आहे." पण प्यायली. सगळे बिस्किटं चावत तिच्या तोंडाकडे बघत होते. खुनी नाही, चूक नाही, काही नाही. मध्यंतरात गप्प बसलेली आफ्के मी प्रथमच पाहिली. हिस्के भिंतीला टेकून नखं खात होती.

दुसरा अर्धा भाग फार संथ होता. पाणी, पाण्यावर धुकं, धुक्यात एक बोट, तिचं नाव दिसत नाही, नुसता निळा रंग पुढे सरकतोय. बोलणं जवळजवळ नाहीच. मीच पेंगायला लागलो, तर तिची काय कथा! बोट पुलाजवळ आली, भोंगा वाजला, आणि मी वळून बघतो तर आफ्केचे डोळे मिटलेले. कोपर मारलं. पायावर पाय दिला. हूं नाही की चूं नाही.

पडद्यावरच्या बाईने भोंगा ऐकताच हात उचलला. घंटा, फाटक, आणि पूल हळूहळू वर निघाला. तिने खाली बघितलंही नाही. बोट पुलाखालून निघाली आणि डेकवरचा माणूस मागे वळला. वर खोलीच्या खिडकीत मुलगी उभी होती, काचेला हात लावून, केस ओले, गालाला चिकटलेले. त्याने तिला हात हलवून दाखवला. मग बोट धुक्यात शिरली आणि तिच्यामागे पाणी बराच वेळ हलत राहिलं. दिवे लागले.

लोक एकेक करून चिठ्ठ्या टाकून गेले. हिस्केच्या खांद्यावर हात ठेवून गेले. आफ्केने डोळे उघडले आणि कोट मागितला. मी पेटीपाशी, आफ्के खुर्चीपाशी, आणि हिस्के मधल्या वाटेत.

"झोपलीस," ती म्हणाली.

"डोळे मिटले होते," आफ्के म्हणाली. "एकतीस वर्षं ती घंटा मी वाजवली, बघायला कशाला हवं?"

"मग सांग ना. गावाला सांगतेस, बेकरीत सांगतेस, मला सांग. कसा होता?"

"कठडा करडा होता, हिरवा नाही. हातमोज्यांना ग्रीस लागतं. आणि पूल फार लवकर उघडला."

"म्हणजे?"

"भोंगा वाजला की उघडला. तसं नाही झालं. अकरा मिनिटं बंद ठेवला होता मी."

हिस्केचा तोल गेला. "आई, तू झोपली होतीस! तुझी ती चादर, तसलंच हे. स्वप्न पडलं तुला आणि ते तू आता माझ्या सिनेमात घुसवतेयस. छत्तीस वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस!"

आफ्के म्हणाली, "तू विचारलंस, उघडलास का. उघडला होता. खोटं काय बोलले?"

इथे मला राहवलं नाही. छत्तीस वर्षं गिळलेलं एकदम वर आलं. "स्वप्न नाही ते, पोरी," मी म्हणालो. "मी मागे होतो, वाळू घेऊन. पुढे दाउवे, मध्ये एक जर्मन शिडाची बोट, मग मी. रस्त्यावर एक सायकल नव्हती आणि पूल बंद. मी घड्याळ बघितलं, शिव्या घातल्या, भोंगा वाजवला. अकरा मिनिटं खरी आहेत. दुसऱ्या दिवशी ही सायकल मारत माझ्या धक्क्यावर आली आणि म्हणाली, रिन्से, काल तू तिथे नव्हतास. बरं, म्हटलं, नव्हतो."

"का?" हिस्केने मला नाही, आईला विचारलं. "अख्खं गाव तुला दगड म्हणत होतं. मी म्हणत होते. का सांगितलं नाहीस?"

आफ्के कोटाच्या बाहीत हात घालायला धडपडत होती. "तुला कुणावर तरी रागवायला हवं होतं," ती म्हणाली. "तो काही हाताशी नव्हता. मी होते."

हिस्के खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिने विचारलं, "त्या अकरा मिनिटांत तो काय बोलला?"

"भोंगा वाजवत होता."

"वर आला नाही? जिना होता ना."

"होता जिना."

बाहेर धुक्यात कुणाची तरी सायकल करकरत गेली. मला वाटलं, संपलं आता, दोघींना घरी जाऊ द्यावं. पण हिस्केने मान वर केली.

"पण त्याने मला हात केला होता," ती म्हणाली. "बाकी सगळं मी जुळवलं असेन. रंग चुकला, वेळ चुकली, तुझ्याबद्दल तर सगळंच चुकलं. पण हे मी जुळवलेलं नाही, आई. मी खिडकीत उभी होते, आणि जाताना बाबाने वळून मला हात केला. ते मला अजून दिसतं. त्या एका गोष्टीवर मी अख्खा सिनेमा उभा केलाय."

आता काय सांगू तुम्हाला! त्या बुधवारी पोरांची पोहण्याची परीक्षा होती, कालव्यात पडलं तरी तरता यावं म्हणून अंगातले कपडे आणि पायातले बूट घालून पाण्यात उतरायची. माझी बायको विप्क्ये आमच्या मुलाबरोबर हिस्केलाही शेजारच्या गावच्या तलावावर घेऊन गेली होती. संध्याकाळी दोघं पोरं परत आली, बुटांत पाणी पचपचतंय, केस गालाला चिकटलेत, हातात प्रमाणपत्र. दाउवे तोवर कुठल्या कुठे गेला होता. खिडकीत पोरगी नव्हतीच. आणि त्याने वर बघितलं नाही, ना बायकोकडे, ना खिडकीकडे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पडद्यावरच्या मुलीचे केस ओले का, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

पाण्याच्या बाटलीला न सोडणारी बाई ती. मी आफ्केच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"तेवढंच एक बरोबर होतं सिनेमात," आफ्के म्हणाली.

हिस्के काही खुळी नाही. आईचं तोंड ती माझ्यापेक्षा चांगलं ओळखते. ती सरळ माझ्याकडे वळली. "रिन्सेकाका, तुम्ही होतात तिथे. खरं सांगा. त्याने हात हलवला?"

आमच्याकडे खरं ते तोंडावर बोलायची रीत आहे. त्यापायी माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही. आफ्के माझ्याकडे बघत नव्हती. कोटाचं वरचं बटण लावत होती आणि ते काही लागत नव्हतं.

"हलवला की," मी म्हणालो. "चांगला दोनदा हलवला."

"दोनदा कुठे?" आफ्के फाडकन म्हणाली. "उगाच काहीतरी बोलू नकोस. एकदाच हलवला."